उत्पादकतेची कोंडी – भाग ९ : महाग सरकी आणि विरळ झाडे

जालन्याच्या पोलाद उद्योगाचा विचार या भागात व्हायचा होता. परंतु भोकरदन तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न देशाच्या मंदावलेल्या उत्पादकतेच्या मुळाशीच जाणारा असल्याने तो विचार एक आठवडा पुढे ढकलणे योग्य ठरेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ज्या जालना शहरात ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना केली आणि जे पुढे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र बनले, त्या शहराभोवतीच्या शिवारात कापसाचा उतारा का वाढत नाही, असा तो प्रश्न आहे.

बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर देशाची सरासरी २००७-०८ च्या सुमारास हेक्टरी साडेपाचशे किलो रुईपर्यंत गेली. अलीकडे ती साडेचारशेच्या आसपास घसरली असून जागतिक सरासरी साडेसातशेच्या पुढे आहे. बीटी जनुक बोंडअळीपासून पिकाचे रक्षण करते, झाडाची मूळ उत्पादनक्षमता वाढवीत नाही. त्यामुळे टळलेल्या नुकसानीचा लाभ एकदाच पदरात पडतो आणि गुलाबी बोंडअळी त्या जनुकाला दाद देईनाशी झाली की तोही ओसरू लागतो. एकूण घटक उत्पादकता, म्हणजे जमीन, श्रम, भांडवल व निविष्ठा यांच्या वाढीने ज्याचा उलगडा होत नाही असा उत्पन्नाचा वाढावा, सतत वाढायची तर एका शोधामागून दुसरा शोध शेतापर्यंत पोहोचावा लागतो.

खरी अडचण हे जनुक आपल्याकडे ज्यातून विकले जाते, त्या संकरित बियाण्यात आहे. संकरित सरकी बहुधा हाताने परागीकरण करून तयार होत असल्याने महाग पडते आणि दरवर्षी नव्याने विकत घ्यावी लागते. साहजिकच शेतकरी ती विरळ टोबतो. ९० बाय ६० सेंटिमीटर अंतरावर हेक्टरी सुमारे साडेअठरा हजार झाडे बसतात, तर ९० बाय १५ वर चौऱ्याहत्तर हजार. विरळ झाडाला भरपूर बोंडे धरण्यासाठी दीर्घ हंगाम लागतो, पण कोरडवाहू हलक्या जमिनीत पाऊस सरल्यावर नेमकी बोंडे भरण्याच्या वेळी ओल तुटते. ज्यांच्याकडे पाणी आहे ते फरदड घेतात, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात उभे ठेवतात, आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. चीन व ब्राझीलने सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांची दाट लागवड करून हीच कोंडी फोडली, हे इथल्या धोरणकर्त्यांनी फार आधी मनावर घ्यायला हवे होते.

लवकर येणारे, आटोपशीर वाढीचे सरळ बीटी वाण स्वस्तात मिळाले, तर जालन्यासारख्या जिल्ह्यात दाट लागवड परवडेल आणि पीक वेळेत मोकळे होईल. मात्र ज्या वाणाची सरकी शेतकरी पुन्हा पेरू शकतो, त्यात खासगी कंपनीला कमाई थोडी. म्हणून ही जबाबदारी कृषी विद्यापीठांनी व नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने उचलली पाहिजे आणि सरकारने त्यासाठी पैसा दिला पाहिजे. दाट लागवडीतील वेचणीसाठी मजूर कोठून आणायचे आणि लहान तुकड्यांत यंत्र कसे चालवायचे, हा प्रश्न पोलादानंतरच्या भागात घेतला जाईल.