शस्त्रक्रियेनंतरची पायाची सूज

गर्भाशय, गर्भाशयमुख वा बीजांडकोश यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे पाय सुजला, तर ‘दगदग झाली असेल’ म्हणून तो उशीवर ठेवण्याचा सल्ला घरातच दिला जातो. परंतु या सुजेची दोन अगदी भिन्न कारणे संभवतात आणि त्यांपैकी एकात वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

ते कारण म्हणजे रक्ताची गुठळी. कर्करोगात मुळातच रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात ओटीपोटावरील मोठी शस्त्रक्रिया आणि अंथरुणातील विश्रांती यांची भर पडते. पायातील खोल नीलेत गुठळी झाली, तर बहुधा एकच पाय एकाएकी सुजतो, दुखतो, गरम लागतो. तिचा तुकडा फुप्फुसात गेला, तर धाप लागते, छातीत कळ येते. तेल लावून पाय चोळणे हा आपल्याकडील आवडता उपाय येथे घातक ठरू शकतो. तडक रुग्णालय गाठावे. अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर सुमारे २८ दिवस गुठळी रोखणारे इंजेक्शन देतात, ते याचसाठी. घरी आल्यावर ते परस्पर बंद करू नये.

दुसरे कारण लिम्फिडीमा. रोगाचा प्रसार तपासण्यासाठी ओटीपोटातील लसिका ग्रंथी काढल्या जातात. पायातील लसिका याच वाटेने वर परतते. वाट तुटली, की ती पायात साचते. ही सूज काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. किरणोपचार झाले असल्यास शक्यता वाढते. आरंभी केवळ चपलेचा पट्टा वा जोडवे घट्ट होते, पाय जड वाटतो. हत्तीरोगाच्या नावाची धास्ती एवढी, की स्त्रिया साडीआड पाय लपवतात. वास्तविक उपचारांना योग्य काळ हाच, कारण पुढे त्वचा टणक होत जाते. सूज पूर्णपणे जातेच असे नाही. मात्र दाब देणाऱ्या पट्ट्या व मोजे, व्यायाम आणि प्रशिक्षित हातांनी केलेला हलका मसाज यांनी ती आटोक्यात राहते. अर्थात, गुठळी नसल्याची डॉक्टरांनी खात्री केल्यावरच. त्या पायाला लहानशी जखम होऊन लाली व ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खर्चाचेही पाहावे लागते. आरोग्य विम्यात रुग्णालयातून परतल्यानंतरचा खर्च सहसा पॉलिसीत नमूद केलेल्या दिवसांपुरताच मिळतो. लिम्फिडीमा मात्र ती मुदत उलटल्यावर उद्भवू शकतो, आणि दाब देणारे मोजे तर साधारण सहा महिन्यांनी बदलावे लागतात.