पीकसंरक्षणाची बंदूक : नवशिक्यांनी पाळावयाचे नियम

उमापूर व गेवराई तालुक्यातील इतर गावांत ऊस, कापूस व तूर ही पिके दाट वाढली म्हणजे रानडुकरांना दडण्यास आयती जागा मिळते. पिकाच्या राखणीसाठी काही शेतकरी रीतसर परवाना घेऊन बंदूक बाळगतात. परंतु ज्या पिकात डुक्कर दडते, त्याच पिकात माणूसही असतो. कृषिपंपांना वीज पुष्कळदा रात्री मिळत असल्यामुळे शेतकरी अंधारातच पाणी देण्यास जातो. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडाजवळच कोप्या करून राहतात. म्हणून केवळ सळसळ ऐकून किंवा चमकणारे डोळे पाहून बार काढू नये, हा पहिला नियम होय. जनावर पूर्णपणे ओळखू आले पाहिजे व त्याच्या पलीकडे काय आहे तेही दिसले पाहिजे.

यामागील कारण समजून घ्यावे. बारीक छर्रेही दोनशे मीटरपर्यंत इजा करू शकतात. मोठे छर्रे त्याहून दूर जातात, तर रायफलीची गोळी किलोमीटरहूनही अधिक अंतर कापते. विजेरीचा उजेड इतका लांब पोचत नाही. शिवाय पाणी, दगड किंवा कठीण जमीन यांवर आदळून गोळी दिशा बदलते.

बंदूक हाताळताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. हाती घेताच ती उघडून स्वतः तपासावी. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नये.

२. नळीचे तोंड माणूस, जनावर किंवा घर यांकडे कधीही करू नये.

३. नेम धरून बार काढण्याचा निश्चय होईपर्यंत चापावर बोट ठेवू नये.

४. बांध, पाट किंवा काटेरी कुंपण ओलांडण्यापूर्वी काडतूस काढावे.

५. नळीत काळी माती किंवा चिखल गेल्यास बार काढू नये; नळी फुटून हात निकामी होतो. बंदूक रिकामी करून नळी साफ करावी.

६. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. ठासणीच्या बंदुकीबाबत याहून अधिक थांबावे.

७. घरी बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात, मुलांच्या हाती न लागतील अशी ठेवावीत.

८. मद्यपान केलेल्या माणसाने बंदुकीस हात लावू नये.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार मिळालेला परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. तो शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे रानडुक्कर किंवा नीलगाय मारण्यापूर्वी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. मोर व काळवीट यांना तर या कायद्याचे विशेष संरक्षण आहे. परवानाधारकाने आपली बंदूक शेजाऱ्यास किंवा सालगड्यास उसनी देऊ नये.

वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती शेतकऱ्यांना द्यावी व अर्ज वेळेत करण्यास साहाय्य करावे. पिकाचे नुकसान पुढील हंगामात भरून काढता येते. चुकीच्या बाराने गेलेला जीव परत आणता येत नाही.