परदेशी माणूस नागरिक कसा होतो?

जन्माने मिळणारे नागरिकत्व मागावे लागत नाही. परदेशात जाऊन स्थायिक झालेल्या माणसाला मात्र तेथील नागरिकत्व अर्ज करून मिळवावे लागते. या पद्धतीस ‘नॅचरलायझेशन’ असे म्हणतात. शिक्षण व नोकरीनिमित्त आपली मुले अमेरिकेत जात आहेत, म्हणून तेथील उदाहरण पाहू.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने हा हक्क फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना दिला होता. १८७० साली तो आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळाला. आशियाई लोक बाहेरच राहिले. पंजाबचे भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांच्या वतीने न्यायालयात असे मांडले गेले, की ते उच्च जातीचे आर्य आहेत, सबब ते गोरेच होत! १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले.

विद्यार्थ्यांनी यातील मर्म ध्यानात घ्यावे. वर्णाची भिंत जातीच्या शिडीने ओलांडता आली नाही. कायदा बदलला तेव्हाच वाट मोकळी झाली. १९४६ साली भारतीयांना हा हक्क मिळाला आणि १९५२ साली वंशाची अट रद्द झाली. दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

आज सर्वसाधारणपणे अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झालेली असावी लागतात व त्यांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष तेथे वास्तव्य लागते. अमेरिकी नागरिकाशी विवाह करून एकत्र राहणाऱ्यांस पाचऐवजी तीन वर्षे पुरतात. वर्तणूक तपासली जाते, मुलाखत होते, इंग्रजीची आणि तेथील इतिहास व राज्यकारभाराची परीक्षा होते. शेवटी शपथ घ्यावी लागते. ती घेतल्यावरच माणूस नागरिक होतो.

मात्र त्याच वेळी आपल्या कायद्यानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय कार्ड घेता येते, पण त्याने येथे मतदानाचा हक्क मिळत नाही. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी काय मिळते आणि काय सुटते, हे दोन्ही घरात बसून नीट तोलावे.