पोरांचा फुटबॉल आणि घरचा पैसा

आजकाल तालुक्याच्या गावीही फुटबॉलचे क्लब निघाले आहेत. कोणी त्याला क्लब म्हणतो, कोणी अकॅडमी म्हणतो. मैदानाच्या कडेला मोठी पाटी असते. पाटीवर परदेशी खेळाडूचे चित्र असते. पोरगं ते बघतं आणि घरी येऊन म्हणतं, "बाबा, मला क्लबात घाला." पोरगीही मागं राहत नाही. मग आईबापांपुढं प्रश्न पडतो. पैसे भरावेत की नाही? भरलेल्या पैशाचं चीज होईल का?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण उत्तर कसं शोधायचं, ते सांगता येतं. तेच आपण पाहू.

खर्च किती येतो?

क्लबवाले फक्त महिन्याची फी सांगतात. पण खर्च फीपाशी थांबत नाही. आपण एक हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही आपल्या गावचे आकडे घाला.

समजा, फी महिन्याला १,००० रुपये आहे. सराव आठवड्यातून ३ दिवस आहे. म्हणजे महिन्यात १२ दिवस. वर्षातले १० महिने सराव चालतो.

१० महिन्यांची फी : १०,००० रुपये
एस.टी.चे भाडे, रोज जाऊन-येऊन ४० रुपये : ४,८०० रुपये
बूट : १,२०० रुपये
कपडे : ८०० रुपये
बाहेरगावचे सामने : १,५०० रुपये
एकूण : १८,३०० रुपये

फी १०,००० रुपयांची, पण घरातून गेले १८,३०० रुपये. म्हणून क्लबात नाव घालण्याआधी कागद-पेन्सील घ्या आणि सगळा खर्च लिहून काढा. वर्षात १२० दिवस सराव झाला. तेव्हा एका दिवसाला सुमारे १५० रुपये पडले. हा आकडा ध्यानात ठेवा.

पैशात काय मिळतं?

आपण बाजारात भाजी घेताना वजन बघतो. इथं वजन कशाचं बघायचं? पोराच्या पायाशी चेंडू किती वेळ असतो, त्याचं. फुटबॉल हा पायानं शिकायचा खेळ आहे. रांगेत उभं राहून तो येत नाही.

एक क्लब घ्या. तिथं ४० पोरं आणि २ चेंडू आहेत. सराव एक तास चालतो. चेंडूची सारखी वाटणी केली, तर एका पोराच्या वाट्याला फक्त ३ मिनिटं येतात. दुसऱ्या क्लबात २० पोरं आणि १० चेंडू आहेत. तिथं एका पोराला ३० मिनिटं मिळतात. दोन्हीकडं फी सारखीच असली, तरी माल सारखा नाही. पहिल्या क्लबात १५० रुपये देऊन पोरानं ५७ मिनिटं नुसती वाट पाहिली!

म्हणून पैसे भरण्याआधी दोन दिवस मैदानावर जाऊन बसा. पाटी बघू नका, पोरं बघा. सगळी पोरं पळत आहेत का? की चार चांगली पोरं खेळतात आणि बाकीची काठावर उभी असतात? शिकवणारा मास्तर पोरांना समजावून सांगतो का? की नुसता ओरडतो? पाण्याची सोय आहे का? लागलं-खुपलं तर औषधाची पेटी आहे का? मुली खेळत असतील, तर त्यांना कपडे बदलायला जागा आहे का?

चेंडूही बघा. फुटबॉलच्या चेंडूला नंबर असतात. अगदी लहान पोरांना ३ नंबर, ८ ते १२ वर्षांच्या पोरांना ४ नंबर आणि त्यापुढं ५ नंबर. लहान पोरापुढं मोठा जड चेंडू टाकला असेल, तर मास्तरला काम कळत नाही असं समजा.

मास्तरनं शिक्षण घेतलं आहे का, तेही विचारा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ शिकवणाऱ्यांना परवाने देतो. त्यांच्या डी, सी, बी, ए अशा चढत्या पायऱ्या आहेत. परवाना दाखवा म्हणायला लाजू नका. पैसे आपले आहेत.

मोठा खेळाडू होईल का?

"तुमच्या पोराला आम्ही देशाच्या संघात पोचवू," असं कोणी म्हणालं, तर सावध व्हा. असं वचन कोणालाच देता येत नाही. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशात झाली. एवढ्या मोठ्या देशातून संघात मुलं घेतली फक्त २१. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो पुण्याला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. प्रबोधिनीत मुलांची निवड चाचणी घेऊन करतात. निवड झाली, की राहण्या-जेवणाची आणि शिकवण्याची सोय सरकार करतं.

"परदेशात पाठवतो, आधी लाखभर रुपये द्या," असं म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. अशा बोलण्याला भुलून कोणी जमीन गहाण टाकू नये. पोराचा खेळ कर्जावर चालवायचा नसतो.

कमी पैशातही खेळ होतो

फुटबॉल हा मुळात स्वस्त खेळ आहे. २००१ साली नागपूरला विजय बारसे नावाच्या क्रीडाशिक्षकांनी पाहिलं, की झोपडपट्टीतली पोरं भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळत आहेत. त्यांनी त्या पोरांना चेंडू दिला आणि त्यांचे सामने भरवले. त्यातून मोठं काम उभं राहिलं. पुढं २०२२ साली त्यावर 'झुंड' हा सिनेमा निघाला.

कोल्हापुरात तर तालमीच फुटबॉल खेळतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, अशी त्यांची नावं. पेठेतली मोठी माणसं पोरांना हाताशी धरतात. सामन्याला शाहू स्टेडियम भरून जातं. जर्मनी देशातही गावोगाव असे क्लब आहेत. वर्गणी बेताची असते आणि गावातलीच माणसं फुकट राबतात. उलट अमेरिकेत कित्येक क्लब एका मुलामागं वर्षाला हजारो डॉलर घेतात. गरिबाचं पोरगं तिथं बाहेर राहतं. हे बरं नव्हे, असं तिथलीच माणसं म्हणतात.

शाळेचा संघही विसरू नका. शाळांसाठी सुब्रतो कप ही देशभराची स्पर्धा १९६० पासून चालू आहे. तिथं मुलींचेही सामने होतात. शाळेतून खेळायला क्लबची फी लागत नाही. गावातली दहा घरं एकत्र आली, दोन-चार चेंडू घेतले आणि एखाद्या जाणत्या तरुणाला संध्याकाळचा तास दिला, तर गावातच खेळ सुरू होतो.

मग क्लबात घालावं का?

आमचं म्हणणं असं. मास्तर शिकलेला आणि मायाळू असेल, पोरांच्या पायाशी चेंडू भरपूर असेल, आणि फी भरून घरची शाळा, औषध, धान्य यांना धक्का लागत नसेल, तर जरूर घाला. पोरगं पळेल, भूक वाढेल, शरीर घटमूट होईल. हरणं-जिंकणं पचवायला शिकेल. चार जातींच्या पोरांबरोबर एका संघात नांदेल. हा फायदा खराच आहे.

पण फी वर्षाची एकदम भरू नका, महिन्याची भरा. पावती मागा. ती वाचा आणि जपून ठेवा. दोन महिन्यांनी पोरालाच विचारा, "काय शिकलास? मजा येते का?" त्याचा चेहरा खुलला, तर पैसे कामी आले. तोंड उतरलं, तर क्लब बदला, नाहीतर गावचं मैदान आहेच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं. पण पोराचे पाय खेळायचे थांबू नयेत, हेही तितकंच खरं.