गुण्यात न बसणारी झाहा : मुलांसाठी एका आर्किटेक्टचं चित्रचरित्र

हिंगोलीतल्या कुठल्याही मोहल्ल्यात पाच-सहा वर्षांच्या मुलाला कागद द्या आणि घर काढायला सांगा. एक चौकोन, त्यावर त्रिकोणी छप्पर, मधे दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, मागे दोन डोंगर आणि त्यातून उगवणारा सूर्य. आता त्याच मुलाला दारात आणून उभं करा. गल्लीत तसं एकही घर नाही. स्लॅबची घरं आहेत, पत्र्याची आहेत, वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या गंजक्या सळया आहेत. मूल रोज बघतं एक आणि कागदावर काढतं दुसरंच, कारण घर म्हणजे काय ते आपण त्याला पुस्तकातून शिकवलेलं असतं.

म्हणून आज आम्ही एका वेगळ्या पुस्तकाबद्दल सांगणार आहोत. जेनेट विंटर या अमेरिकन लेखिका-चित्रकर्तीचं 'द वर्ल्ड इज नॉट अ रेक्टँगल' हे पुस्तक २०१७ साली आलं. नावाचा अर्थ सरळ आहे, जग काही आयताकृती नाही. हे आर्किटेक्ट झाहा हदीद यांचं लहान मुलांसाठी लिहिलेलं चरित्र आहे. चित्रचरित्र म्हणजे काय, तर पानभर चित्र आणि खाली एखाद-दोन ओळी. बाकीची गोष्ट चित्रच सांगतं. अजून वाचता न येणारं मूलही मांडीवर बसून ते 'वाचू' शकतं.

झाहा यांचा जन्म १९५० साली बगदादचा. वडील मोहम्मद हदीद राजकारणात होते, पुढे इराकचे अर्थमंत्री झाले. आई चित्रकार. पुस्तकाची सुरुवात इमारतींपासून होत नाही. ती होते नद्यांपासून, दलदलीपासून, वाळूच्या टेकड्यांपासून आणि हजारो वर्षांच्या जुन्या शहरांच्या अवशेषांपासून. वडिलांबरोबर हे सगळं बघत फिरणारी एक लहान मुलगी आपल्याला दिसते. पुढच्या पानांवर तिच्या इमारती येतात, तेव्हा मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. चीनमधल्या ग्वांगझूचं ऑपेरा हाऊस नदीने गुळगुळीत केलेल्या दोन गोट्यांसारखं. लंडनच्या ऑलिंपिक जलतरण केंद्राचं छप्पर पाण्याच्या लाटेसारखं. आमच्याकडची पोरं लगेच बोट ठेवून म्हणाली, "हा तर नदीतला दगड!" कयाधूच्या पात्रात खेळलेल्या मुलाला हे कोणी शिकवायची गरज नाही.

पुस्तक इंग्रजीत आहे. वाचताना आम्ही अर्धं मराठीत, अर्धं घरच्या बोलीत सांगत गेलो. ओळी थोड्या असल्यामुळे जड गेलं नाही.

एका संध्याकाळी हे पुस्तक आम्ही ओळखीच्या एका मिस्त्रींच्या घरी नेलं. त्यांची मुलगी सहावीत आहे. मिस्त्री कामावरून आलेले, हाताला सिमेंट तसंच. त्यांनी चार पानं उलटली आणि हसून म्हणाले, "ये तो गुनिये में नै है!" गुण्या म्हणजे मिस्त्रीचा काटकोन. भिंत गुण्यात नसेल तर ती चुकली, पाडा आणि परत बांधा, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. मुलीने विचारलं, "अब्बू, मग अशी गोल भिंत तुम्हाला येईल का?" ते जरा थांबले. मग अंगणात खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खिळा लावून मातीत गोलाई आखून दाखवली. "इथून विटा लावत जायच्या. पण ही सारखी गोलाई आहे. चित्रातली दर हाताला बदलते, तिला दोरी नाही पुरायची. तिला हिशोब लागेल."

तो हिशोबच झाहांनी आधी शिकला होता. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात त्यांनी गणित केलं आणि त्यानंतर १९७२ साली वास्तुकला शिकायला लंडन गाठलं. चित्र काढता येतं म्हणजे गणित सुटलं, असा समज आपल्या घरांत फार आहे. इथे उलटं दिसतं.

पुस्तकातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग मात्र अपयशाचा आहे. १९८० साली झाहांनी लंडनमध्ये स्वतःचं ऑफिस उघडलं. १९८३ मध्ये हाँगकाँगची मोठी स्पर्धा जिंकली, पण ती इमारत उभी राहिलीच नाही. १९९४ मध्ये कार्डिफच्या ऑपेरा हाऊसची स्पर्धा जिंकली, तीही कागदावरच राहिली. ही बाई फक्त कागदावर इमारती काढते, असं लोक म्हणू लागले. त्यांची पहिली महत्त्वाची इमारत, जर्मनीतलं एक अग्निशमन केंद्र, पूर्ण झाली १९९३ साली. ऑफिस उघडल्यावर तेरा वर्षांनी! २००४ मध्ये वास्तुकलेतला सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या मुस्लिमही. २०१६ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट पालकांनी आपल्या तोंडाने सांगावी, असं आम्हाला वाटतं. झाहांच्या घरी पैसा होता, शिक्षण होतं, परदेशी पाठवायची ऐपत होती. मिस्त्रीच्या मुलीला तेवढं आयतं मिळणार नाही, हे तिच्यापासून लपवून उपयोग नाही. शिवाय अशा चरित्रांत विटा उचलणारे, सेंटरिंग बांधणारे हात दिसत नाहीत. आपल्या समाजातले कितीतरी जण त्याच कामावर आहेत. मुलांनी विचारलं पाहिजे, की ही छत कोणी ओतली?

दुसरं नाव फजलुर रहमान खान यांचं. हे स्ट्रक्चरल इंजिनीअर, जन्म १९२९, ढाका. शिकागोचा ११० मजली सीअर्स टॉवर उभा राहिला तो त्यांच्या हिशोबावर. पण हिंगोलीच्या घरांत त्यांची ओळख करून द्यायला शिकागोला जायची गरज नाही. हजला जाऊन आलेल्या दादी-नानींना विचारा, जेद्दाहच्या हज टर्मिनलवर डोक्यावर ते पांढरे तंबू होते ना? तसे २१० तंबू आहेत तिथे. त्या कामामागे खानसाहेबांचंच डोकं होतं. १९८३ मध्ये त्या टर्मिनलला आगा खान पुरस्कार मिळाला.

आणि घराजवळचं उदाहरण? मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातात. बीबी का मकबऱ्यासमोर ग्रुप फोटो होतो. तो दिलरस बानो बेगम यांचा मकबरा आहे, हे गाईड सांगतो. 'दख्खनचा ताज' हेही सांगतो. बांधला कोणी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावरच्या लेखात आर्किटेक्ट म्हणून अताउल्लाह यांचं नाव आहे, सोबत इंजिनीअर हंसपत राय यांचं. अताउल्लाह हे ताजमहालचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. त्यांनीच भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला, १६३४-३५ च्या सुमारास. इथेही वास्तुकला आणि गणित एकाच डोक्यात! बापाने ताज बांधला, मुलाने मकबरा, आणि मधल्या काळात आपल्या मातीतल्या गणितज्ञाचं पुस्तक दुसऱ्या भाषेत नेलं. चित्रचरित्राला याहून चांगला विषय कुठला हवा? एखाद्या उर्दू किंवा मराठी शाळेच्या चित्रकला शिक्षकांनी मनावर घेतलं तर सोळा पानांची वही पुरेल. मुलं चित्रं काढतील, ओळी गुरुजी लिहितील.

ज्यांच्या घरात खरोखर असं चित्र काढणारं लेकरू आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्यायला लावा. इंटरमीजिएटच्या ग्रेडनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. दहावीनंतर घाईघाईने गणित सोडू देऊ नका. आर्किटेक्चरची पदवी, म्हणजे बी.आर्क., पाच वर्षांची असते आणि तिच्यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते ती नाटा परीक्षा देऊन प्रवेश घेता येतो. त्यात चित्रकला आणि विचारशक्ती दोन्ही तपासतात. मुलगी असेल तर "एवढी पाच वर्षं कशाला?" असं विचारणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांच्यापुढे हेच पुस्तक ठेवा, तेरा वर्षांचं पान उघडून.

त्या मिस्त्रींच्या मुलीला आम्ही निघताना कागद दिला आणि घर काढायला सांगितलं. तिने स्वतःचंच घर काढलं. खाली पत्र्याचं न्हाणीघर, वर स्लॅब, स्लॅबवर चार कोपऱ्यांत सळया. त्या सळयांना तिने वाक दिला होता, चारही वरती एकमेकींकडे झुकलेल्या. मिस्त्रींनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि तिला विचारलं, "ह्याच्यावर छत कशाची टाकणार?"