वैमानिक व्हायला आधी विमान चालवता यायला हवं?

अवनी चतुर्वेदी यांचं नाव निघालं की हमखास कानावर येतं, ‘ती जयपूरकडे विमान शिकली आणि थेट फायटर पायलट झाली.’ यात थोडं खरं आहे. जयपूरपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या बनस्थली विद्यापीठातून त्यांनी २०१४ मध्ये बी.टेक. केलं आणि तिथल्या फ्लाइंग क्लबात काही तास उड्डाणही केलं. त्या तासांनी ओढ लागली असेल. हवाई दलात प्रवेश मिळाला तो ‘ॲफकॅट’ परीक्षा, निवड मंडळ आणि वैद्यकीय तपासणी यांतून. मग दुंडिगलची हवाई दल अकादमी, आणि १८ जून २०१६ रोजी भावना कांत व मोहना सिंह यांच्यासोबत कमिशन.

कमर्शियल पायलटचं लायसन्स लागत नाही. ते असलं तर ‘ॲफकॅट’मधून उड्डाण शाखेसाठी वयोमर्यादा २४ ऐवजी २६ होते, एवढाच फायदा. केवळ त्यासाठी आईवडिलांनी लाखो रुपये घालू नयेत. इंजिनिअरिंगही सक्तीचं नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, पदवी कुठल्याही शाखेची चालते.

सगळ्यात महागात पडतो तो ‘पुढच्या वेळी बघू’ हा समज. निवडीत संगणकावरची वैमानिक-कल चाचणी असते. डायल बघून विमान कुठे झुकलंय ते ओळखायचं, हातातली स्टिक आणि पायातलं पेडल एकाच वेळी सांभाळायचं. ही संधी आयुष्यात एकदाच. एकदा नापास झालं की खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) असो वा ‘ॲफकॅट’, उड्डाण शाखा कायमची बंद. ग्राउंड ड्यूटीचं दार मात्र उघडं राहतं. क्लासवाले हे ठळक अक्षरांत छापत नाहीत.

‘उंच पोरगा, नक्की घेतील!’ उंची किमान १६२.५ सेंमी हवीच, पण मांडीची लांबी ६४ सेंमीच्या वर गेली तर उंचपणाच आड येतो. संकटात आसनासह बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळता कामा नयेत. चष्म्याचं म्हणाल तर लेसर शस्त्रक्रिया झालेल्यांना पदवीनंतरच्या प्रवेशात अटींवर संधी आहे, एनडीएतून नाही.

आणि खडकवासल्याला कुणी लढाऊ विमान शिकत नाही. तिथली तीन वर्षं अभ्यास, कवायत आणि हवाई कॅडेटना मोटर ग्लायडरची तोंडओळख यांत जातात. खरं उड्डाण दुंडिगलला, पिलाटस विमानावर सुरू होतं. त्यानंतरच कुणी फायटर, कुणी मालवाहू विमान, कुणी हेलिकॉप्टर, ही वाटणी होते.

शिवाय वैमानिक फक्त हवाई दलाचे नसतात. जयपूरच्या मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या शिवांगी २ डिसेंबर २०१९ रोजी कोचीत नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या, डॉर्नियरवर. आणि लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात आपल्या नाशिकला.