माइनक्राफ्टमधला मोशन ब्लर: व्हिडिओत भारी, खेळताना भारी पडतो

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय: ‘माइनक्राफ्टमध्ये मोशन ब्लर लावला. व्हिडिओ एकदम भारी दिसतात, पण खेळताना क्रीपर मला दर वेळी उडवतोय. सेटिंग चुकलंय का?’

सेटिंग बहुधा ठीकच असेल. गडबड वेगळीच आहे, आणि ती समजायला आधी कॅमेऱ्याकडे जावं लागेल.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो आणि प्रत्येक फ्रेमला शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्या वेळात जे हललं त्याचा फराटा फ्रेमवर उमटतो. गेममध्ये शटरच नाही. प्रत्येक फ्रेम म्हणजे एका क्षणाचं गोठलेलं, धारदार चित्र. माइनक्राफ्टमध्ये तर ठोकळ्यांच्या कडा सरळसोट, टेक्श्चर १६ बाय १६ पिक्सेलचं, त्यामुळे धार जास्तच जाणवते.

एक हिशोब करून बघू. तुम्ही पाव सेकंदात ९० अंश वळलात. ६० फ्रेमच्या वेगाने दर फ्रेमला ६ अंश झाले. फुल एचडी स्क्रीन आणि नेहमीचा ७० चा एफओव्ही धरला, तर मधोमध असलेलं झाड दर फ्रेमला सुमारे ८० पिक्सेल उडी मारतं. म्हणजे ते सरकत नाही, टुणटुण उड्या मारतं. ब्लर या उड्यांमधली जागा भरून काढतो.

आता तो भरायचा कसा? सोपा मार्ग म्हणजे मागची फ्रेम नव्या फ्रेममध्ये मिसळायची. निम्मी नवी, निम्मी जुनी. जुन्या चित्राचा अंश अर्धा, पाव, अष्टमांश असा विरत जातो. संगणकावर ताण जवळजवळ नाही. पण हा खरा ब्लर नव्हेच, हे भूत आहे! वस्तूमागे तिच्या फिकट प्रती दिसतात. शिवाय तेच सेटिंग ६० फ्रेमला लांब शेपटी देतं आणि १४४ फ्रेमला आखूड. म्हणून मित्राचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

दुसरा मार्ग शेडर पॅकवाल्यांचा. जावा आवृत्तीत फॅब्रिक आणि आयरिस टाकायचं, पॅकची झिप फाइल ‘शेडरपॅक्स’ फोल्डरमध्ये ठेवायची, की बीएसएल किंवा कॉम्प्लिमेंटरीसारख्या पॅकच्या सेटिंगमध्ये मोशन ब्लरचा पर्याय मिळतो. इथे शेडर प्रत्येक पिक्सेलची खोली बघतो, म्हणजे तो ठोकळा कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते. मग मागच्या फ्रेममध्ये कॅमेरा कुठे होता त्यावरून विचारतो, ‘हा बिंदू तेव्हा स्क्रीनवर कुठे होता?’ दोन जागांमधलं अंतर म्हणजे त्या पिक्सेलचा वेग. त्या रेषेवरचे काही नमुने घेऊन सरासरी काढली, की फराटा तयार.

आठ नमुने धरले तर फुल एचडीच्या २० लाखांवर पिक्सेलसाठी एका फ्रेमला साधारण १ कोटी ६६ लाख वाचनं झाली. ऐकायला भयंकर वाटतं, पण ग्राफिक्स कार्डाला फारसं जड नाही. लॅपटॉप रडत असेल तर आधी पॅकमधल्या सावल्या कमी करा. खरी खादाड त्या आहेत.

या पद्धतीची गंमत अशी की तिला फक्त कॅमेऱ्याची हालचाल कळते. तुम्ही उभे आहात आणि झोंबी समोरून पळत गेला, तर बहुतेक पॅकमध्ये तो तसाच धारदार राहतो. उलट तुमच्या हातातली तलवार कॅमेऱ्याबरोबरच फिरते, स्क्रीनवर जागची हलत नाही. शेडरला ती जगातला ठोकळा वाटली, तर तिचाही फराटा काढेल. म्हणून हात वेगळा वगळावा लागतो.

आता क्रीपरकडे येऊ. सिनेमात कुठे बघायचं हे कॅमेरामन ठरवतो, खेळताना तुम्ही ठरवता. तुम्ही गर्रकन वळता, पण डोळे क्रीपरवर खिळलेले असतात. डोळ्याला तो स्पष्ट दिसायला हवा. शेडरला तुमची नजर कुठे आहे ते माहीत नाही, तो सरसकट सगळं फासून टाकतो. नेमका वळतानाच क्रीपर हिरव्या गवतात विरघळतो. काहींना यानेच मळमळतं, डोकं धरतं. माझं मत विचाराल तर लढताना ब्लर शून्य. निवांत भटकंतीत थोडा चालेल.

आणि व्हिडिओसाठी? तिथे खेळताना ब्लर लावायची गरजच नाही. रीप्ले मॉडने खेळ नोंदवून ठेवा. नंतर कॅमेऱ्याचा प्रवास १६ पट सावकाश करून ६० फ्रेमने रेंडर करा. एडिटरमध्ये १६ पट वेगाने पळवून दर १६ फ्रेमची एक फ्रेम मिसळा. फार पुसट वाटलं तर १६ पैकी आठच मिसळा, म्हणजे शटर अर्धा वेळ उघडं असल्यासारखं दिसेल. यात धावणारा घोडासुद्धा खराखुरा धूसर होतो, भूत वगैरे काही नाही. वेळ मात्र लागतो. १० सेकंदांच्या शॉटला ९,६०० फ्रेम होतात, तेव्हा रात्री रेंडर लावा आणि खुशाल झोपा.